शेवटच्या बस्करपट्टीवरचे मूल

१९८९ च्या एप्रिल महिन्यात रिझर्व्ह बँकेने ‘सेवा क्षेत्र’ योजना लागू केली आणि प्रत्येक ग्रामीण शाखेला पंधरा-वीस गावे नेमून दिली. मी तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. कागदावर गावे मिळाली की ती पायी तुडवायची, हा आमच्या नोकरीचा भाग. त्या वर्षीच्या थंडीत एका ठाकरवाडीत म्हशींच्या कर्जाच्या वसुलीसाठी गेलो होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेची पडवी हीच आमची कचेरी. टेबल गुरुजींचे, खुर्ची गुरुजींची, आणि समोर उकिडवे बसलेले कर्जदार.

एका कर्जदाराला मी हिशेब समजावून सांगत होतो. मुद्दल छत्तीसशे, व्याज शंभराला वर्षाला दहा. मी आकडेमोड करून आठ महिन्यांचे दोनशे चाळीस रुपये सांगितले. खांबाला टेकून उभा असलेला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा म्हणाला, “सायेब, दोनशे दहा व्हतात. आठवा महिना आजून लागला नाय.”

पडवीत एकदम शांतता पसरली. मी वहीतली तारीख पुन्हा पाहिली. मुलाचे बरोबर होते. वर्षाचे तीनशे साठ, महिन्याचे तीस, सात महिन्यांचे दोनशे दहा. हे सगळे त्याने माझे बोट वहीवर फिरत असताना मनातल्या मनात केले होते, आणि शिवाय माझी चूक हिशेबात नसून महिने मोजण्यात आहे हेही ओळखले होते.

मी काय करायला हवे होते, हे आज मला नीट कळते. तेव्हा मी काय केले ते सांगतो. “मोठ्यांच्या मध्ये बोलू नये,” असे म्हणून मी त्याला दटावले आणि आकडा गुपचूप खोडून दुरुस्त केला.

नंतर चहा पिताना मी गुरुजींकडे त्याची चौकशी केली. गुरुजी वाईट नव्हते. दोन शिक्षकांची शाळा जवळजवळ एकट्याने ओढत होते. ते म्हणाले, “तो होय? तो वर्गात टिकतच नाही. अक्षर बघा त्याचं, कोंबडीचे पाय. आणि आता तर घरी म्हैस आली. ती चारायला हाच जातो. शाळा सुटल्यातच जमा आहे.”

म्हैस आमच्या कर्जातून आली होती. तिचा विमा उतरवला होता, कानात बिल्ला ठोकला होता, दूध किती लिटर द्यावे याचा अंदाज प्रस्तावात लिहिला होता. ती चारायला कोण नेणार, हा रकाना मात्र फॉर्मात नव्हता.

बँकेच्या नोकरीत मी बरीच वर्षे काढली. आम्हाला शिकवलेले असे की कर्ज द्यायचे ते पत बघून. प्रत्यक्षात आम्ही पत बघत नसू, तारण बघत असू. सातबारा आहे का, जामीनदार आहे का, घर कौलारू आहे की गवताचे. माणसाच्या हातात कसब किती आहे हे बघायची नजर आम्हाला कोणी दिली नव्हती. तारण मोजता येते, कसब मोजायला कष्ट पडतात. म्हणून ज्याच्याकडे आधीच काही होते, त्यालाच कर्ज मिळे.

शाळेतही हेच चालते, असे म्हटले तर शिक्षक मंडळींनी रागावू नये. ‘तुमच्या वर्गात हुशार कोण?’ असे विचारले की गुरुजींचे बोट ज्या मुलांकडे जाते, त्यांच्याकडे बहुधा काही ना काही तारण असते. अक्षर वळणदार, गणवेश धुतलेला, भाषा पुस्तकातली, वडील ग्रामपंचायतीत किंवा निदान पालकसभेला येणारे. ही मुले हुशार नसतात असे नव्हे. पण काथोडी बोली बोलणारे, धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या दारात उभे राहणारे, दिवाळीनंतर आईबापांबरोबर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर जाऊन पावसाच्या तोंडावर परतणारे मूल या यादीत येतच नाही. ते शेवटच्या बस्करपट्टीवर असते, किंवा हजेरीपटावर नुसते नाव असते.

यात आपल्याच शिक्षकांचा काही खास दोष आहे असेही नाही. अमेरिकेत ल्युइस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली कॅलिफोर्नियातली दीड हजारांहून अधिक असामान्य बुद्धीची मुले निवडून त्यांचा आयुष्यभर अभ्यास करायला घेतला. त्याच्या चाचणीत जी मुले उतरली नाहीत, त्यांत विल्यम शॉकली नावाचा एक मुलगा होता. त्याला पुढे १९५६ साली ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. चाचणीही चुकते, मग थकलेल्या माणसाची नजर चुकली तर नवल काय?

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड या मोठ्या शालेय जिल्ह्यात विशेष बुद्धीच्या मुलांची निवड शिक्षकांच्या आणि पालकांच्या शिफारशीवरून होत असे. २००५ साली त्यांनी पद्धत बदलली. नुसत्या शिफारशीवर विसंबून न राहता दुसरीतल्या सगळ्याच मुलांना एक साधी चाचणी दिली. गरीब घरातल्या, काळ्या आणि घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची निवड एकदम वाढली. ही मुले काही त्या वर्षी अचानक हुशार झाली नव्हती. ती आधीही त्याच वर्गात बसत होती, फक्त कोणाच्या डोळ्यांत भरत नव्हती. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला. यातले कार्ड पुढे २०२१ चे नोबेलचे मानकरी झाले.

आता आपल्याकडे येऊ. शहापूर तालुक्याचे पाणी शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईला जात आहे. तानसा धरण १८९२ चे. पुढे मोडकसागर आले, भातसा आले, मध्य वैतरणा आले. कोणत्या तलावात आज किती पाणी आहे, हे पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात छापून येते. त्याच तलावांच्या काठच्या पाड्यांत किती बुद्धी साठली आहे, हे मोजायची तसदी मात्र आपण घेतली नाही. उन्हाळ्यात त्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट वेगळी आणि तीच.

महाराष्ट्राने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार करूनच. साठच्या दशकात मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री असताना ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी शासकीय विद्यानिकेतने निघाली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून नवोदय विद्यालये आली आणि त्यांतल्या किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखल्या गेल्या. शिष्यवृत्ती परीक्षा तर आपल्या पिढीपासून आहेच. या सगळ्यांतून अनेक खेडवळ मुलांची आयुष्ये बदलली.

पण ही सगळी दारे आहेत. दारापर्यंत मुलाला आणून सोडणार कोण? नवोदयचा फॉर्म पाचवीत भरावा लागतो. तो आता संगणकावर भरायचा असतो, त्याला दाखले जोडायचे असतात, परीक्षेच्या गावाला मुलाला घेऊन जायचे असते. डोळखांबच्या पलीकडल्या एखाद्या पाड्यातला बाप हे कोणाच्या भरवशावर करणार? गुरुजींच्या किंवा बाईंच्याच. म्हणजे फिरून सगळे त्या एका माणसाच्या नजरेवर येऊन थांबते. शिवाय नवोदयच्या एका विद्यालयात दरवर्षी जागा ऐंशी. ज्यांना जागा मिळत नाही, त्यांनी काय करायचे? त्यांना त्याच शाळेत, त्याच शिक्षकाकडे शिकायचे आहे. म्हणून मला वाटते की हुशार मुलांसाठी आणखी एक संस्था काढण्यापेक्षा जे शिक्षक आहेत त्यांना या कामासाठी तयार करणे हे अधिक निकडीचे आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात याचा उल्लेख आहे. विशेष गुणवत्तेच्या मुलांना ओळखून त्यांना वर्गाबाहेरचे खाद्य द्यावे, आणि अशा मुलांच्या शिक्षणाचा विशेष अभ्यासक्रम बी.एड.मध्ये असावा, असे त्यात म्हटले आहे. हेतू चांगला आहे. पण वाडी-वस्तीवर पहिली ते पाचवी शिकवणारे बहुतेक गुरुजी आणि बाई डी.एड. झालेल्या. नोकरी लागून त्यांना वीस-वीस वर्षे झाली. बी.एड.चा नवा अभ्यासक्रम त्यांच्यापर्यंत पोचायचा कसा?

उत्तर तयार असते: प्रशिक्षण. या शब्दाचा शिक्षकांनी किती धसका घेतला आहे, हे कोणत्याही शिक्षकाच्या घरी जेवायला जा म्हणजे कळेल. राज्याला चार तज्ज्ञ शिकवतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. वरून निघालेले दूध खाली पोचेपर्यंत त्यात प्रत्येक टप्प्यावर पाणी पडते. शेवटी हाती राहते ती एक पुस्तिका, सही केलेला हजेरीचा कागद आणि दुपारचा पुलाव. ठाणे जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था बदलापूरजवळ रहाटोलीला आहे. कसाऱ्याकडच्या किंवा टोकावड्याच्या पुढच्या शिक्षकाचा जाण्यायेण्यातच दिवस मोडतो, आणि तेवढे दिवस दोन शिक्षकांच्या शाळेत एकाच शिक्षकाला पाच वर्ग सांभाळावे लागतात.

तेव्हा प्रशिक्षण हवे, पण या प्रकारचे नको. दर महिन्याला केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरतेच. परिपत्रके वाचून दाखवण्यात तिचा बराच वेळ जातो. त्यातला एक तास या कामाला द्यावा. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या एका मुलाची वही आणावी. ती नीटनेटकी असण्याची गरज नाही. ज्या मुलाने गुरुजींना बुचकळ्यात टाकले, त्याची वही आणावी. उत्तर बरोबर पण रीत भलतीच; किंवा उत्तर चूक पण चूक मोठी अकलेची. त्या वह्या मध्ये ठेवून दहा-बारा शिक्षकांनी बोलावे. हे मूल असे का करत असेल? याला उद्या काय द्यावे? महिन्याभराने तेच शिक्षक पुन्हा जमतील तेव्हा काय दिले आणि काय झाले हे सांगावे. जाणकार माणसाने अधूनमधून प्रत्यक्ष वर्गात येऊन बसावे. डॉक्टर शिकतो तो रोग्याच्या खाटेशी. शिक्षकाचे शिकणेही मुलाच्या वहीशीच व्हायला हवे.

या प्रशिक्षणात शिकवायचे तरी काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे पहिली गोष्ट म्हणजे पाहणे. मनात पटकन येणाऱ्या दोन-चार मुलांकडे नव्हे, तर पटावरच्या एकेका मुलाकडे पाळीपाळीने पाहणे. खेळाचे नियम कोण बदलते? वरच्या वर्गाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोण पुटपुटते? एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून कोण भंडावून सोडते? कोण कंटाळून खोड्या काढते? सोबत वर्षातून एकदा सगळ्या मुलांना, अगदी एकही न वगळता, भाषेवाचून सोडवता येतील अशी कोडी द्यावीत. आकृत्या, नक्षी, पुढे काय येईल अशी. ब्रॉवर्डच्या अनुभवाचे सार एवढेच आहे.

इथे एक सावधगिरी हवी. आदिवासी मूल म्हटले की त्याची गुणवत्ता आपण चित्रकला, नाच आणि धावणे यांतच शोधतो. वारली चित्रांचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्याचा अभिमान सर्वांना आहेच. पण ठाकराच्या मुलात गणिती असू शकतो, कातकऱ्याच्या मुलीत व्याकरणाची उपजत जाण असू शकते, हे आपल्या मनातच येत नाही. कौतुकाच्या आवरणाखाली हाही एक भेदच आहे.

दुसरी गोष्ट: ओळखल्यावर काय करायचे. आज हुशार मूल सापडले की बहुतेक शाळांत त्याला मॉनिटर करतात. ते दुसऱ्यांच्या वह्या तपासते, कच्च्या मुलांकडून पाढे म्हणवून घेते, गुरुजी माहिती भरत असले की वर्ग गप्प ठेवते. म्हणजे ते शाळेचे बिनपगारी शिक्षक होते आणि स्वतः काहीच नवे शिकत नाही. त्याला अवघड गोष्ट दिली पाहिजे, इतकी की ती त्याला पहिल्या झटक्यात येऊ नये. आयुष्यात कधीच न अडलेले मूल पुढे शहरातल्या महाविद्यालयात पहिल्यांदा अडते आणि तिथेच बसकण मारते. मी बँकेत अशी माणसे पाहिली आहेत.

आणि याला पैसे लागत नाहीत. आपण ज्याला अडचण म्हणतो, त्या दोन शिक्षकांच्या शाळेत तर ही सोय आयती आहे. एका खोलीत पहिली, दुसरी, तिसरी एकत्र बसतात. दुसरीतल्या मुलीला गणितापुरते चौथीत बसवायला कोणाची परवानगी हवी? तिला नुसते सरकून बसायचे असते. आज ती चौथीचे उत्तर देते तेव्हा “तुला विचारलं नाही” असे ऐकते. ते एक वाक्य बदलले तरी प्रशिक्षणाचा अर्धा खर्च वसूल झाला, असे मी समजेन.

तिसरी गोष्ट म्हणजे पुढे सोपवणे. वाडीतली शाळा चौथी-पाचवीला संपते. मूल आश्रमशाळेत जाते किंवा लांबच्या हायस्कुलात. सोबत जातो तो शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जात असते, जन्मतारीख असते, वर्तणूक ‘चांगली’ असते. या मुलाला आकड्यांचे वेड आहे, याला एकटे सोडू नका, असे लिहिलेला एक कागद त्याला जोडला, तर नव्या शिक्षकाला निदान कुठे पाहायचे ते कळेल. बँकेत आम्ही बदली होताना कर्जखात्यांची टिपणे लिहून देत असू. म्हशीला टिपण मिळे. मुलाला का नको?

माझे हे म्हणणे मी काही शिक्षकमित्रांपुढे मांडले तेव्हा त्यांनी एक आक्षेप घेतला आणि तो वजनदार आहे. “तुम्ही हुशारांचे काय घेऊन बसलात? आमच्या वर्गात तिसरीच्या मुलांना वाचता येत नाही. आधी सगळ्यांना वाचता येऊ द्या.” खरे आहे. न वाचता येणाऱ्या मुलाचा हक्क पहिला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हे दोन हक्क एकमेकांविरुद्ध उभे आहेत असे मला वाटत नाही. एकेका मुलाकडे वेगळे पाहायची सवय लागलेल्या शिक्षकाला मागे पडलेले मूलही लवकर दिसते. शिवाय ज्याला वाचता येत नाही, त्याच मुलात असामान्य बुद्धी असू शकते. माझा पडवीतला हिशेबनीस त्यांतलाच होता.

दुसरा आक्षेप असा, की हुशारीचा शिक्का मारला की मूल शेफारते आणि बाकीची खट्टू होतात. म्हणून शिक्का मारूच नये. यादी फळ्यावर लावायची नाही, पालकसभेत जाहीर करायची नाही. हे शिक्षकाच्या वहीत राहावे आणि त्याच्या वागण्यात उतरावे. वाढपी प्रत्येकाची भूक बघून वाढतो, त्यात कोणाचा अपमान होत नाही.

राहता राहिला प्रश्न, की निवडणुका, सर्वेक्षणे, माहितीचे तक्ते यांत पिचलेल्या शिक्षकाकडून ही अपेक्षा करावी का. त्यांच्यावरचे हे ओझे उतरवलेच पाहिजे. पण त्यांना कमी लेखू नये. नव्वदच्या दशकात डी.एड.ला प्रवेश मिळवण्यासाठी बारावीला किती गुण लागत, हे ज्यांना आठवते त्यांना ठाऊक आहे की खेड्यापाड्यांतली सर्वांत हुशार मुलेमुली तेव्हा शिक्षक झाली. म्हणजे ही माणसे स्वतःच कधीतरी वर्गातली ती मुले होती. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच, आताच्या पालघरात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. गुरांमागे जाणारी मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. आणि अगदी अलीकडे, ८ मार्च २०१६ रोजी मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने साठी ओलांडलेल्या आज्यांसाठी शाळा काढली. आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेऊन बसू लागल्या आणि जगाच्या वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो आले. एक शिक्षक एवढे करू शकतो. त्याला फक्त कुठे पाहायचे ते दिसले पाहिजे.

दोनेक वर्षांपूर्वी काही कामासाठी मुरबाडहून टोकावड्याकडे निघालो होतो. प्रवासी जीप खच्चून भरलेली. कोण कुठे चढला, किती दिले, किती परत द्यायचे, हे सगळे ड्रायव्हर मान न वळवता तोंडी सांगत होता. मी उतरताना त्याने माझ्याकडे निरखून पाहिले आणि हसत म्हणाला, “बँकेचे म्हशीवाले सायेब ना? आठवा महिना!”

त्याला आठवत होते. मी दटावल्याचेही आठवत असणार, पण ते तो बोलला नाही. त्याचे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. तो त्याचा अपमान होईल. गाडी त्याची स्वतःची होती, कर्ज फेडलेले होते. फक्त त्या डोक्याचे आणखी काय होऊ शकले असते, हे आता कोणालाच कळणार नाही, त्यालाही नाही.

मी वाटेला लागणार तोच त्याने हाक मारली. “सायेब, माझी पोरगी चौथीला आहे. तिचं पण माझ्यासारखंच चालतं. तिच्यासाठी कुठली परीक्षा-बिरीक्षा असते का हो?”

मी नवोदयचे सांगितले, शिष्यवृत्तीचे सांगितले. मग म्हणालो, “तिच्या बाईंना विचार. त्या सांगतील.”

तो गाडी सुरू करता करता थांबला. “बाई लई चांगल्या आहेत, सायेब. पण त्यांना कोणी सांगितलं आसंल का?”

जीप निघून गेली. त्याचा हा प्रश्न माझ्यापाशीच राहिला आहे. तो आज जिल्हा परिषदेच्या दारात नेऊन ठेवतो आहे.